बाळारामच्या ट्रकातली टिटवी

पेणच्या रामवाडीत, हायवेला अगदी लागून, माझं दुकान होतं. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन' असं रंगवलेलं होतं, पण मला सगळे दत्ता बॅटरीवाला म्हणूनच ओळखायचे. तीसेक वर्षं मी गाड्यांच्या वायरी सोडवल्या आणि बांधल्या. आता बारीक वायरीचा रंग ओळखू येत नाही, म्हणून दुकान भाच्याकडे दिलं. दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर बायको म्हणाली, "फुशारकीच्या तेवढ्या लिहू नका." म्हणून ही लिहितोय.

आमचा धंदा थोडा समजावून सांगतो. गाडी बिघडली की पहिला मान इंजिनच्या मिस्त्रीला. इलेक्ट्रिशियन आठवतो सगळ्यात शेवटी, आणि त्यालाच घाई करतात. गाडीतली वीज बॅटरीतून निघते, वायरीतून दिव्यापर्यंत जाते, आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. ह्या परतीच्या वाटेला अर्थिंग म्हणतात. आमच्याकडे खाडीची खारी हवा. नटबोल्टाला गंज चढला की परतीची वाट बंद आणि दिवाही बंद. गिऱ्हाईक मात्र बल्ब बदलत बसतं. मिठागरावरच्या एका ट्रकमालकाचा पुढचा दिवा सारखा जायचा. त्याने कुणाची नजर लागली म्हणून लिंबूमिरची बांधली, ती नेमकी अर्थिंगच्या बोल्टालाच. मी बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला आणि लिंबूमिरची होती तशी बांधून दिली. दिवा पुढे दोन वर्षं लागला. श्रेय लिंबाला मिळालं. आणखी एकाच्या टेंपोत ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. दुरुस्त करू का विचारलं तर म्हणाला, नको, रस्त्यातली माणसं बाजूला होतात.

हे सगळं मला शिकवलं रोह्याच्या अब्राहमकाकांनी. ते बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. घरात मराठी, दारात तुळस नाही एवढंच आमच्यात आणि त्यांच्यात वेगळं. शनिवारी दुकान बंद. तरुणपणी मुंबईच्या गोदीत काम केल्यामुळे त्यांना इंग्रजी वाचता यायचं. त्यांची दोन्ही मुलं इस्रायलला गेली होती आणि काकांना बोलवत होती. काका दरवर्षी म्हणायचे, "या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू." मी त्यांच्याकडे चार वर्षं होतो. पहिले दोन महिने त्यांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. "हात मागं बांध आणि आधी बघ," म्हणायचे. गाडी कुठे मळलीय, कुठे वाकलीय, कुठली वायर नवी दिसतेय, ते आधी सांगायचं. मग पाना उचलायचा.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत डोलवीच्या बाजूला एका मोठ्या कारखान्याची उभारणी चालली होती. पनवेलकडच्या बंदरावरून अवजड यंत्रं यायची. तिथल्या एका कंत्राटदाराने परदेशातून वापरलेला एक ट्रक आणला होता. लांब नाकाचा, स्टीअरिंग डाव्या अंगाला, मागे ट्रेलर. तो रामवाडीतून गेला की टपरीवरची माणसं चहा हातात धरून उठायची. तो चालवायचा वडखळच्या बाजूचा बाळाराम ठाकूर. आम्ही पेणला एका शाळेत होतो. बोलायला कमी, गाडीला जपणारा.

एका दुपारी त्याने तो ट्रक माझ्या दुकानासमोर लावला आणि मला वर केबिनमध्ये बोलावलं. काचेखाली एक लहानसा डबा होता, त्याला तीन दिवे आणि आतून चिरका आवाज. बंपरच्या मधोमध, लोखंडी पट्टीवर दुसरा काळा डबा होता, साधारण शाळेच्या पाटीएवढा. साइटवर त्याला जे समजावलं होतं, तेच बाळारामने मला सांगितलं. पुढचा काळा डबा न दिसणाऱ्या लहरी सोडतो. समोरच्या गाडीवर आपटून त्या परत आल्या की ती किती लांब आहे, आपण किती वेगाने तिच्याकडे चाललोय, ते त्याला कळतं. फार जवळ आलो तर आतला डबा ओरडतो. ब्रेक काही आपोआप लागत नाही, नुसती सूचना. रडार. विमानतळावर असतं ते ट्रकाला बसवलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

बाळारामने त्याचं नाव टिटवी ठेवलं होतं. खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, पाऊल टाकलं की टिटवी ओरडते तशी ही ओरडायची. पण रस्ता मोकळा असला तरी ओरडायची. झाडाला, मोरीच्या कठड्याला, मैलाच्या दगडाला. पेणपासून पनवेलपर्यंत रस्ता तेव्हा दोन गाड्यांचा आणि कडेला झाडंच झाडं, त्यामुळे ती गप्प अशी बसतच नव्हती. साइटवर त्याने तीनदा सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाला, परदेशी वस्तू आहे, तुला कळत नाही.

"दत्ता, हिचं तोंड बंद कर," बाळाराम म्हणाला. "डोकं फिरतं. एक दिवस हिच्या नादात मीच कुठंतरी जाऊन आदळीन."

माझ्याकडे दोन गाड्या उघडून पडल्या होत्या, त्यांचे मालक बाकावर बसलेले. आणि खरं सांगायचं तर ती वस्तू बघून मी दबलो होतो. मला तिच्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे शाळेतल्या मित्राला सांगायचं नव्हतं. मी फ्यूज शोधला, काढला, कागदात गुंडाळून बाळारामच्या हातात दिला. साहेब तपासायला आले तर परत बसव म्हणालो. पाच मिनिटांचं काम. हात मागे बांधून बघायचं त्या दिवशी मला आठवलंसुद्धा नाही.

पुढे तीनेक आठवड्यांनी, श्रावणात, बाळाराम माल उतरवून रिकामा ट्रेलर घेऊन बंदराकडे परत चालला होता. दुपारचे चार वाजले असतील. पाऊस इतका की वायपर पुरत नव्हता. हमरापूरच्या फाट्यापुढे एक टेंपो पंक्चर होऊन उभा होता, अर्धा कडेला आणि अर्धा डांबरावर. टेंपोत गणपतीच्या मूर्ती, ताडपत्री घातलेली. मागचा दिवा लागलेला नव्हता. हमरापूरचा मूर्तिकार जनार्दन जॅक लावून चाक काढत होता आणि त्याची बायको सुमन पुढे छत्री धरून उभी होती. समोरून एसटी आली म्हणून बाळारामने ट्रक डावीकडे घेतला, आणि टेंपो त्याला दिसला तेव्हा अंतर राहिलं नव्हतं. त्याने ब्रेक मारला. वेग पुष्कळ उतरला, तरी बंपरचा डावा कोपरा टेंपोला लागला. टेंपो जॅकवरून सुटला आणि जनार्दनच्या पायावर आला. मूर्तींचा चुरा झाला.

बाळारामनेच जनार्दनला बाहेर ओढला आणि मागून आलेल्या एका जीपमध्ये घालून पेणच्या सरकारी दवाखान्यात नेला. पाय वाचला, दोन बोटं गेली.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर कळलं. पंचनामा झाला होता. कंत्राटदाराच्या माणसांनी ट्रक साइटवर नेऊन तपासला, तर रडारच्या फ्यूजची जागा रिकामी. बाळारामला विचारलं तेव्हा त्याने खिशातून तो कागद काढून टेबलावर ठेवला. कुणी काढला म्हणून विचारलं, तर म्हणाला, मीच. त्याला कामावरून घरी बसवलं होतं. मुंबईहून मोठे साहेब येणार, मग ठरणार.

मी त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर बसून होता. माझं नाव का नाही सांगितलं, म्हणून मी विचारलं.

"तुझं कशाला?" तो म्हणाला. "गाडी मी चालवत होतो. तुझं दुकान रस्त्यावर हाय. एकदा नाव गेलं का गिऱ्हाईक परत येत नाय."

मी घरी आलो आणि दोन दिवस काहीच केलं नाही. दुकान उघडलं, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, लोकांशी हसून बोललो. हे लिहायला मला अपघातापेक्षाही जड जातंय, पण दोन दिवस मी गप्प बसलो हे खरं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडून साइटवर गेलो.

तिथे गाड्यांचे इंजिनियर मेहेंदळे म्हणून होते, पुण्याचे, बोलणं मोजून मापून. फ्यूज मी काढला असं त्यांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, "सांगितलंत हे बरं केलंत. पण त्याने ठाकूरची सुटका होत नाही. यंत्र चांगलं असेल, तर त्याने चांगली वस्तू बंद करून गाडी चालवली. बिघडलेलं असेल, तर त्याने तीनदा सांगूनही आम्ही ऐकलं नाही. यातलं खरं काय, ते मला माहीत नाही. तुम्ही शोधू शकता का?"

त्यांच्या लोकांपैकी कुणालाच त्यातलं कळत नव्हतं. सोमवारी मुंबईचे साहेब येणार होते. त्यांनी मला त्या यंत्राचं पुस्तक दिलं, जाडजूड, सगळं इंग्रजी. ते काखेत मारून मी तसाच रोह्याला गेलो.

काकांच्या घरात खोकी बांधलेली होती. ह्या खेपेला त्यांची तिकिटं खरोखरच आली होती. दिवाळीनंतर ते जाणार होते. दुकान तर आधीच रिकामं झालेलं, भिंतीवर पाने टांगायचे खिळे तेवढे उरलेले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत उतरवून घेत होते. उठताना म्हणाले, "नवं काय नाय रे ह्याच्यात. डबा पुसलेला हाय का, घट्ट हाय का, वीज जाते-येते का, आणि तो सरळ बघतो का. चारच गोष्टी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते माझ्याबरोबर आले. सत्तरी उलटलेली होती त्यांची.

ट्रक साइटवर शेडच्या कडेला उभा होता. बाळारामला मेहेंदळेंनी बोलावून घेतलं होतं. काका ट्रकसमोर हात मागे बांधून उभे राहिले, मीही राहिलो. डब्याचं तोंड स्वच्छ होतं, त्यावर ओरखडा नव्हता. वायरी शाबूत होत्या. अर्थिंगवर थोडा गंज होता, तो घासला, टेस्ट लॅम्प लावला, झकास पेटला. फ्यूज बसवल्यावर आतला डबा जिवंत झाला. उरलं चौथं.

पुस्तकात मोजायची काहीतरी खास उपकरणं सांगितली होती. आमच्याकडे गवंड्याचा ओळंबा आणि दोरी होती. मी ट्रकाच्या पोटाखाली शिरून मधली रेघ धरली, पुढे जमिनीवर दोरीने वीस पावलं वाढवली. मग डब्याच्या तोंडाला काटकोनात दुसरी दोरी धरली. दोन्ही दोऱ्या एकावर एक पडायला हव्या होत्या. वीस पावलांवर त्यांच्यात माणूस आडवा झोपेल एवढं अंतर पडलं. डबा रस्त्याकडे बघतच नव्हता, डावीकडच्या कडेला बघत होता. झाडं, कठडे, दगड, सगळं त्यात आलं.

मेहेंदळे वाकून बघत म्हणाले, "पण डावा कोपरा अपघातात आदळला. डावी बाजू मागे गेली की डबा डावीकडे वळणारच. हे आधीचं कशावरून?"

हे खरं होतं. काका मात्र चिखलात गुडघे टेकून पट्टीच्या खाली डोकं घालून बसले होते. त्यांनी मला खाली बोलावलं. पट्टी डावीकडे मागे गेलेली नव्हतीच, उजवीकडे पुढे ओढली गेली होती. उजव्या टोकाला साखळीच्या कड्यांचे खड्डे होते. त्या खड्ड्यांत आणि वाकलेल्या जागी रंग तडकून जी भेग पडली होती तिच्यात चिखल सुकून दगड झाला होता. काकांनी तो पेचकसाने उकरून मेहेंदळेंच्या तळहातावर ठेवला. काळा होता, साइटवरच्या खाजणातला. हमरापूरच्या फाट्यावर लाल मुरूम आहे, हे साहेबाला सांगायची गरज पडली नाही. त्यांनी साइटवरचं रजिस्टर मागवलं. पाऊस सुरू झाला तेव्हाची नोंद सापडली: ट्रक रुतला, बुलडोझरने साखळी लावून काढला. साखळी कुठे लावली होती ते बाळारामला आठवत होतं. तो सुपरवायझरला नको म्हणालाही होता.

खात्री म्हणून एक चाचणी करायची राहिली होती. बाळाराम केबिनमध्ये बसला. मी पत्र्याचा एक मोठा तुकडा छातीशी धरून समोरून ट्रकाकडे पळत गेलो. काही नाही. कडेने, डाव्या अंगाने पळत गेलो, आणि टिटवी ओरडली. पुन्हा केलं, पुन्हा ओरडली. शेडमधली माणसं हसत होती. चाळिशीला टेकलेला माणूस पावसात पत्रा घेऊन धावतोय म्हटल्यावर हसणारच. मेहेंदळेंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "ठाकूरने वेळेवर सांगितलं होतं आणि यंत्र वाकवलं साइटनेच, असं मी मुंबईच्या साहेबांना लिहितो," ते म्हणाले.

मी पत्रा खाली ठेवला आणि वर बघितलं. बाळाराम हसत नव्हता. तो मी उभा होतो त्या जागेकडे बघत होता. डाव्या कडेला, ट्रकापासून थोडा पुढे. हमरापूरला टेंपो नेमका तिथेच उभा होता.

वाकड्या डब्याला सगळा रस्ता दिसत नसेल, पण ती एक जागा दिसत होती. फ्यूज जागेवर असता तर टिटवी ओरडली असती.

परतताना पेणच्या एसटी स्टँडवर काकांना चहा पाजला. त्यांनाही ते कळलं होतं, मी सांगण्याआधीच. म्हणाले, "साहेब लिहील ते खरंच हाय. राहिलं ते पण खरं हाय. ते कुणाला सांगायचं ते तू ठरव." रोह्याची गाडी लागली आणि ते गेले.

मी हमरापूरला गेलो. गणपती आठ-दहा दिवसांवर आलेले, घराघरात रंगाचा वास. जनार्दनच्या पडवीत तीसेक मूर्ती होत्या. फुटलेल्यांच्या बदल्यात शेजारच्या कारखान्यांनी आपापल्यातल्या आणून ठेवल्या होत्या, आणि सुमनताई त्यांना रंग देत होती. जनार्दन खाटेवर, पायाला बँडेज. मी कोण ते सांगितलं, फ्यूजचं सांगितलं, आणि शेवटी पत्र्याचं सांगितलं.

जनार्दन कोपरावर रेलून अर्धा उठला. मग म्हणाला, "म्हंजे तो वाजला असता?"

"वाजला असता."

"आणि त्यानं ऐकलं असतं? रोज खोटा वरडणारा तो."

मला हो म्हणवेना आणि नाही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

सुमनताई ब्रश थांबवून माझ्याकडे वळली. "ऐकलं असतं का नाय, ते त्याच्यावर होतं," ती म्हणाली. "वाजायला तर हवं होतं."

तिने परत ब्रश रंगात बुडवला. थोड्या वेळाने जनार्दन म्हणाला, "अगो, दिवा आपला पण नव्हता. दोन वर्सं झाली गेल्याला." आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा ठेवला.

चहा होईपर्यंत मी अंगणात गेलो. टेंपो चेपलेल्या पाठीने उभा होता. मागच्या दिव्याची अर्थिंगची वायर गंजून तुटली होती, बल्ब चांगला होता.

बाळारामला आठवड्याने ट्रक परत मिळाला. ताकीद मिळाली, ती त्याने मुकाट्याने घेतली. पट्टी मी आणि साइटच्या वेल्डरने मिळून सरळ केली. पहिल्या फेरीला मी त्याच्या शेजारी बसून पनवेलपर्यंत गेलो. टिटवी सगळ्या वाटेत दोनदा बोलली, दोन्ही वेळा कारण होतं, आणि दोन्ही वेळा बाळारामने पाय ब्रेकवर नेला. उभारणी संपेपर्यंत तो ट्रक त्यानेच चालवला. कंत्राटदाराचं काम मला पुन्हा मिळालं नाही, ते रास्तच होतं. बाकी गिऱ्हाईक तुटलं नाही. बाळारामची भीती खोटी ठरली, किंवा पेणच्या माणसांना मी चांगला ठाऊक होतो.

काका दिवाळीनंतर गेले. वाळवंटाजवळच्या कुठल्याशा गावातून त्यांचं पत्र आलं. अक्षर थरथरलेलं, पण मराठी तीच. 'इथे कशालाच गंज चढत नाही, फार कंटाळा येतो,' असं लिहिलं होतं. दोन-तीन वर्षं पत्रं आली, मग त्यांच्या मुलाचं एक आलं.

आता भाच्याच्या दुकानात येणाऱ्या नव्या ट्रकांना कारखान्यातूनच रडार असतं. तो लॅपटॉप लावून बिघाड वाचतो. एकदा त्याचा लॅपटॉप सगळं ठीक म्हणत होता आणि गाडी उगाच ओरडत होती. मी खुर्चीतूनच विचारलं, हिला कुणी ओढून काढली होती का? ड्रायव्हर चपापला. बायकोने सांगूनही एवढी फुशारकी राहिलीच.

हमरापूरला मात्र मी त्या वर्षापासून दरसाल जात राहिलो. गणपतीच्या आधी आठवडाभर, मूर्ती भरायच्या टेंपोंचे मागचे दिवे बघायला. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, हा काहीतरी विकायला आलाय. पुढे टेंपोवालेच ओळीने गाड्या लावून ठेवायला लागले. ह्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवा बघायचा. आत मी बसायचो. मागे उभं राहायला जनार्दन काठी टेकत यायचा, ह्या टेंपोकडून त्या टेंपोकडे. पावसाची भुरभुर असली तरी डोक्यावर पोतं घेऊन उभा. मी ब्रेक दाबून थांबायचो, आणि मागून त्याचा आवाज यायचा, "लागला."